रंग सगळ्यात शेवटी

थंडी पडली की दोहात जुनी पिकअप घेऊन घरीच दुरुस्त करण्याचा उत्साह पुष्कळांना येतो. छंद उत्तम, पण पैसे आधी रंगावर जातात आणि तिथेच बजेट कोलमडते.

आधी गाडीखाली आडवे व्हा. नुसत्या जॅकच्या भरवशावर नव्हे, भक्कम स्टँड लावून. इथली हवा दमट नि खारी. गंज चॅसीच्या पोकळीत आणि मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी दडलेला असतो. हातोडीने ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर गाडी कितीही स्वस्त असो, नमस्कार करून परत फिरा.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली हायलक्स असेल तर त्यात बहुधा २२आर इंजिन सापडेल. २३६६ सीसी, कार्ब्युरेटरचे, घरी उघडता येईल असे साधे. दगा देते ती टायमिंग चेन. तिचे प्लास्टिकचे गाइड तुटतात, सैल चेन कव्हर घासत राहते आणि एक दिवस रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये उतरते. गार इंजिन सुरू करताना पुढून खडखड आली की समजावे. चेनचा अख्खा संच आणि वॉटरपंप एकदमच बदला. खोलण्याची मेहनत तीच.

दरवाजे, दिवे, बंपर इंडस्ट्रियल एरियातून खुशाल जुने आणा. ब्रेकचे सामान मात्र नवेच हवे, तिथे घासाघीस नको. फाहेसच्या तपासणीत ब्रेक बघतात, रंगाची चकाकी नव्हे, आणि तिथे पास झाल्याशिवाय इस्तिमारा काही नवा होत नाही.