पडद्यावरची गाडी, वाळूतली गाडी

मैत्रिणींनो, मे महिना म्हणजे घरात पाहुण्या मुलांचा धुडगूस! यंदा आमच्या नणंदबाईंचा 12 वर्षांचा लेक आला तो टीव्हीला जोडायचा खेळ बरोबर घेऊनच. खेळाचे नाव 'प्युअर'. 2008 साली निघालेला, म्हणजे त्याच्याहूनही वयाने मोठा! इंग्लंडातल्या ब्रायटनच्या ब्लॅक रॉक स्टुडिओने तो तयार केला आणि डिस्नीने बाजारात आणला. जाड टायरांच्या चारचाकी क्वाड बाइकवरून डोंगरदऱ्यांतून शर्यत लावायची.

दोन दिवस मी "डोळे बिघडतील" म्हणून ओरडले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मामी, एकदा खेळून तर बघ!" कैऱ्या चिरायच्या ठेवून बसले. खरे सांगते, मजा आली. गाडी कड्यावरून उडाली की हवेत कसरत करायची. ती नीट पुरी झाली की 'बूस्ट' मिळतो, म्हणजे गाडीला जादा जोर. मोठ्या कसरतीला जोर जास्त, पण तिला वेळही जास्त लागतो. त्याआधी जमीन आली की आपटलोच! मग काय होते? काही सेकंद वाया जातात आणि स्वार पुन्हा वाटेवर हजर.

पुढच्या आठवड्यात आम्ही कोकणात गेलो. समुद्रकिनारी तशाच गाड्या भाड्याने मिळत होत्या. "मामी, मला येते चालवता!" आणि गंमत पाहा, मलाही तसेच वाटले. टीव्हीवर तो किती सफाईने चालवतो, हे मी पाहिले होते ना! गाडीवाला म्हणाला, "ताई, काही होत नाही, चार चाकं आहेत." मी पैसे दिले. हेल्मेट मागायचे सुचलेसुद्धा नाही.

वळताना एका बाजूची चाके वाळूच्या उंचवट्यावर चढली आणि गाडी कलली. पोर बाजूला फेकले गेले. गाडी उलटली नाही हे नशीब. गुडघा खरचटण्यावर निभावले, पण माझे हातपाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते. रात्री नणंदबाईंना फोन करून सगळे सांगितले. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, मी असते तर मीपण बसू दिलं असतं." म्हणूनच हे तुम्हाला लिहिते आहे.

चार चाके म्हणजे पक्का तोल, ही आपली समजूत चुकीची. या गाडीची उंची जास्त आणि चाकांतले अंतर कमी. वळताना स्वाराला वळणाच्या आतल्या बाजूला झुकून स्वतःच्या वजनाने तोल सांभाळावा लागतो. मोठ्या गाडीवर मुलाचे वजन त्याला पुरत नाही. उलटली, तर शेकडो किलोंची गाडी अंगावरच येते! अमेरिकेत 1988 साली सरकारशी झालेल्या करारानंतर कंपन्यांनी या जातीच्या तीनचाकी गाड्या विकणे बंद केले आणि 90 सीसीहून मोठी चारचाकी 16 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असे ठरले.

तेव्हा सहलीला जाताना एवढे लक्षात ठेवा:

• मुलाच्या हाती मोठ्यांची गाडी देऊ नका. लहान मुलांची वेगळी, लहान इंजिनाची गाडी नसेल तर सरळ नाही म्हणा.
• हनुवटीखाली पट्टा बसणारे हेल्मेट, पायांत बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. चपला नकोत.
• गाडी एका माणसासाठी बनवलेली असेल तर मागे कुणालाही बसवू नका.
• "काही होत नाही" म्हणणाऱ्याला आधी ब्रेक आणि थांबवायचे बटण दाखवायला सांगा.

खेळ मात्र मी बंद केला नाही हं! भाचा अजून खेळतो, मीही अधूनमधून हरते. फक्त पडद्यावरची गाडी आपटली की तोच हसून म्हणतो, "मामी, इथं बरं आहे, गुडघा फुटत नाही!"