पेचकस कुणाच्या हातात?



गेल्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या एका गावात किशोरी मुलींचं चार दिवसांचं शिबिर घेतलं. अशी शिबिरं आपण सगळ्याच घेतो. मासिक पाळी, रक्तक्षय, बालविवाहाचा कायदा, थोडी गाणी आणि शेवटच्या दिवशी आयांची सभा. या वेळी त्यात एक भर घातली. लातूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून भंगारात निघालेले तीन संगणक मागून आणले आणि समाजमंदिरात सतरंजीवर मांडले. मुलींना म्हटलं, हे उघडायचे, सगळे भाग सुटे करायचे, आणि तीनातून निदान एक चालू करायचा.

बावीस मुली होत्या. पहिला अर्धा तास कुणी हात लावेना. एकीनं विचारलं, "बिघडलं तर कोण भरून देणार ताई?" अगं, बिघडलेलेच आहेत, म्हणून सांगितलं तरी विश्वास बसेना. तेवढ्यात खिडकीत जमलेल्या पोरांतले दोघं आत आले. "आणा इकडं, आम्ही खोलून देतो." आणि काय सांगू, आमच्या मुलींनी पेचकस देऊन टाकला! कुणी हिसकावला नाही, कुणी रागावलं नाही. भाकरीचं ताट पुढं करावं तसा दिला. त्याहून वाईट म्हणजे मीही दोन मिनिटं गप्प बसले. काम लवकर उरकेल, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात आला. नंतर भानावर आले आणि पोरांना चहा देऊन वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी मात्र हात मोकळे झाले. आधी प्लग काढायचा, मग धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीच फोडायचा नाही, हे दुरुस्तीवाल्यानं मला शिकवलं होतं, ते मी त्यांना शिकवलं. मदरबोर्ड, त्यावरचा पंखा, पंख्याखाली दडलेला प्रोसेसर, रुपयाएवढी गोल बॅटरी. एक संगणक बटण दाबलं की नुसता बीप बीप ओरडायचा. म्हणजे बहुतेक रॅमला संपर्क मिळत नाही. नववीतल्या एका मुलीनं रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड कंपासपेटीतल्या खोडरबरानं घासली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून पुन्हा बसवली. पडदा उजळला. त्या वेळचा आरडाओरडा शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असेल.

हा प्रसंग एवढा रंगवून सांगायचं कारण आहे. मुलींना संगणक शिकवायला आता कुणाचीच ना नाही. टायपिंग, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, नोकरीच्या अर्जासाठी ते हवंच. पण ते सगळं काचेच्या बाहेरून. डबा उघडायची वेळ आली की तो मुलग्यांकडे जातो. वापरायला बाई आणि उघडायला पुरुष, ही वाटणी आपल्या घरात मिक्सरपासून मोटारसायकलीपर्यंत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. ही दरी आपण वारंवार मांडतो. उघडण्यातली दरी कुणी मोजलेलीच नाही.

मुलांनी यंत्र स्वतः उघडावं, जोडावं, हा विचार नवा नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात इथल्या एकशिक्षकी शाळेत, धनगरवाड्यातल्या वीसेक मुलांना 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. ते यंत्र मुलांना साध्या पेचकसानं उघडता यावं असंच बनवलं होतं. जादा स्क्रूसुद्धा त्याच्या मुठीतच ठेवलेले. उन्हातही वाचता येईल असा त्याचा पडदा मेरी लू जेप्सन या बाईनं घडवला, हे बातम्यांत क्वचितच आलं. केंद्राच्या शिक्षण खात्यानं मात्र २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता: वर्गखोल्या आणि शिक्षक आधी हवेत. मला ते पूर्णपणे चूक वाटत नाही. पुढं २०१२ मध्ये इंग्लंडमधून रास्पबेरी पाय आला, तळहाताएवढा, पस्तीस डॉलरचा, उघडा संगणक. तयार यंत्रं हाती आल्यापासून मुलं त्यात हात घालीनाशी झाली, ही त्यामागची तक्रार होती. आपल्याकडे २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान. मी पाहिलेल्या एका लॅबमध्ये यंत्रं खोक्यातच होती आणि किल्ली शाळेच्या कार्यालयात. मुलींचा गट प्रदर्शनाच्या दिवशी रांगोळी काढत होता.

मला जास्त जवळचं वाटतं ते शिरूर तालुक्यातलं पाबळ. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, हे सूत्र. पुढं २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब उभी राहिली. पण आपल्या दृष्टीनं मोलाची गोष्ट फॅब लॅबच्या आधीची आहे. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या शिक्षणात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना. मुलीनं वेल्डिंग करायचं आणि मुलानं स्वयंपाक. निवड ठेवलेलीच नाही. ऐच्छिक ठेवलं की मुली शिवणाकडे जातात आणि त्याला आपण आवड म्हणतो.

काही मैत्रिणी म्हणतील, टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे कसले चोचले? त्यांना किल्लारीची आठवण करून देते. किल्लारी आमच्या औसा तालुक्यातलीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. मी तेव्हा पाळण्यात होते. पण पुढं घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात शेकडो गावांतल्या महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत आरपार दगड का हवा, कोपरा का बांधायचा, माळवदावरची माती का कमी करायची, हे त्यांनी शिकून घेतलं आणि गवंड्याला, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. तोवर घर त्या सारवत होत्या, पण ते कसं उभं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आज रेशनचा अंगठा, पीकविम्याचा अर्ज, लाडक्या बहिणीचे पैसे, सगळं यंत्रातून येतं. 'मशीन घेईना' म्हटलं की आपली बाई मुकाट्यानं परत फिरते. मशीन का घेईना, हे विचारायला ते आतून पाहिलेलं असावं लागतं.

नुसत्या हाताच्या कसबानं सगळं साधतं असंही नाही. मोबाइलच्या कारखान्यांत जोडणीच्या रांगेत बहुसंख्य तरुण मुलीच असतात. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली तेव्हा याच मुली महामार्गावर बसल्या होत्या. दिवसभर एकच स्क्रू पिळणारीला पूर्ण यंत्र कुणी दाखवत नाही. उलट १९४६ च्या एनिॲक या अवाढव्य संगणकाचं पाहा. त्यावर पहिल्यांदा आज्ञावली बसवणाऱ्या सहाही बायका होत्या. त्यांना हाती तारांचे आराखडे दिले आणि शोधा म्हटलं. त्यातून त्या असं शिकल्या की हजारो नळ्यांतून बिघडलेली नळी हुडकून काढायच्या. उद्घाटनाला मात्र त्यांची ओळख कुणी करून दिली नाही. ही गोष्ट शिबिरात सांगितल्यावर मघाचीच नववीतली पोरगी म्हणाली, "मंग त्यांनी बंद करून टाकायचं की!"

शेवटच्या दिवशी आयांची सभा झाली. एक आई म्हणाली, "पोरगी हुशार हाय ताई, पर दहावी झाली की बघायला येतेत." खोडरबर घासणाऱ्या मुलीचीच ती आई. यावर माझ्याकडं खोडरबरासारखा उपाय नव्हता. कायदा सांगितला, तो त्यांनाही ठाऊक होता. एवढंच झालं की त्या आईनं संगणकाची बाजूची पत्र्याची झडप स्वतः काढून आत वाकून पाहिलं आणि लेकीला विचारलं, ह्यातलं तू काय केलंस? लेकीनं तिला सगळं दाखवलं, चांगला अर्धा तास.

तिन्ही संगणक समाजमंदिरातच ठेवले आहेत. किल्ली कुणाकडं ठेवायची यावर गावात दोन बैठका झाल्या. ती आता मुलींच्या गटाकडे आहे. दोन चालतात. तिसऱ्याचा मदरबोर्ड जळाला आहे असं दुरुस्तीवाला म्हणतो, मुलींना ते मान्य नाही. तुमच्या कार्यालयात जुनी रॅम पडली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, आम्हाला कळवा.