फोटो फुकट, पण राखण?

पावसाळा आला की फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. कंबरभर पाणी, बुडालेल्या रिक्षा आणि खाली ‘आत्ताची मुंबई’. दहा मिनिटांनी कुणीतरी सांगतं, अरे, हा तर जुना फोटो! आपण हसतो आणि सोडून देतो. पण कधीचा, कुठला, कुणी काढला, हे कळत नसेल तर तो फोटो पुरावा उरत नाही. तो नुसता फॉरवर्ड होतो.

याच तीन गोष्टी जपण्याचं काम अमेरिकेतली ‘नोआ’ ही सरकारी संस्था करते. समुद्र आणि हवामान हा तिचा प्रांत. स्थापना १९७० ची, पण तिच्यात सामील झालेला किनारा सर्वेक्षण विभाग थेट १८०७ सालचा. तिच्या फोटो लायब्ररीत चक्रीवादळं, प्रवाळ, ध्रुवीय बर्फ, सर्वेक्षणाची जुनी जहाजं असे हजारो फोटो आहेत.

त्यातला एक नक्की बघा. टेक्सासमधलं स्ट्रॅटफर्ड गाव, १८ एप्रिल १९३५. घरांवर धुळीची अवाढव्य भिंत चालून येतेय. गवताळ मैदानं नांगरून काढली, त्यात दुष्काळ पडला आणि मातीच उडाली. सोबत गाव आणि तारीख नसती, तर हा फोटो एखाद्या सिनेमातला सीन वाटला असता.

हा खजिना खुला आहे, कारण तिथल्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर कॉपीराइट नसतो. प्रोजेक्ट करा, पोस्टर करा, व्हिडिओत वापरा. श्रेय मात्र द्या. बाहेरच्यांनी दिलेल्या काही फोटोंना अटी असू शकतात, तेवढं तपासून घ्या.

आता खरा प्रश्न. फुकट मिळतं ते फुकटात टिकतं का? नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नोआच्या शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. मे महिन्यात संस्थेने जाहीर केलं की अब्जावधी डॉलर्सचं नुकसान करणाऱ्या आपत्तींची, १९८० पासून चालत आलेली यादी आता पुढे चालू ठेवणार नाही. ही यादी आकड्यांची होती, फोटोंची नव्हे. पण दोन्ही सांभाळणारी संस्था एकच. नोंद ठेवणारी माणसंच कमी झाली, तर उद्याच्या फोटोखाली तारीख लिहिणार कोण?

आपल्याकडे काय? भारतीय हवामान विभाग १८७५ चा. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत अजूनही ‘सिमला ऑफिस’. म्हणजे नोंदींची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. कायदा मात्र वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कामावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. २०१७ मध्ये सरकारी डेटासाठी खुला परवाना आला, हे चांगलंच झालं. तोच मोकळेपणा हवामानाच्या फोटोंनाही मिळायला हवा, आणि ही मागणी तुमच्या पिढीने करायला हवी.

कारण बघा, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा दोन मिनिटांत सापडतो. पण तुमच्या गल्लीत पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते दाखवणारा फोटो कुणाच्या तरी कपाटात पडून असेल, मागे ना तारीख ना पत्ता. घरी विचारा, सापडला तर स्कॅन करा आणि आई-बाबांना आठवतंय तोवर या दोन्ही गोष्टी लिहून ठेवा.