ठेका त्यांचा, मानधन आमचे!

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीत जा. जिंतूर असो, पालम असो की सोनपेठ. संगणकासमोर एखादा तरुण किंवा तरुणी बसलेली दिसेल. जन्ममृत्यूच्या नोंदी, रहिवासी दाखला, घराचा उतारा, शासनाला पाठवायचे सारे तक्ते त्याच्याच हातून जातात. तो पदवीधर असतो, एमएस-सीआयटी झालेला असतो आणि पुष्कळदा आमच्याच वस्तीतला असतो. त्याला विचारा, "बाबा रे, तू नोकर कुणाचा?" ग्रामपंचायत म्हणते आमचा नाही. जिल्हा परिषद म्हणते आमचा नाही. शासन म्हणते तो कंपनीचा. कंपनी म्हणते तो तर मानधनावर आहे. दिवसभर शासनाचे काम करणाऱ्या या माणसाचा मालकच सापडत नाही!

असे का झाले? उत्तर एका कागदात आहे. त्या कागदाचे नाव निविदा, म्हणजेच टेंडर. आमचा समाज मोर्चा काढतो, निवेदन देतो, पण निविदा वाचत नाही. आज आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे.

थोडा इतिहास पाहू. २०११ मध्ये राज्यात 'संग्राम' म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प सुरू झाला. काम 'महाऑनलाइन'कडे होते. ही राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांची संयुक्त कंपनी. २०१५ च्या अखेरीस तो प्रकल्प संपला आणि २०१६ च्या शासन निर्णयाने 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. हे काम सीएससी ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस इंडिया लिमिटेड या केंद्र शासनाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कंपनीकडे गेले. चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशातून प्रत्येक केंद्रामागे दरमहा १२,३३१ रुपये द्यायचे ठरले. त्यातले परिचालकाचे मानधन किती? ६,००० रुपये! उरलेली रक्कम साहित्य, देखभाल, प्रशिक्षण, व्यवस्थापन अशा नावांखाली गेली. तेही वेळेवर मिळावे म्हणून परिचालकांना आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर धडका माराव्या लागल्या.

कंपन्यांना शिव्या देऊन भागणार नाही. कराराच्या कागदात परिचालकाचे मानधन किती, ते कोणत्या तारखेला द्यायचे, उशीर झाला तर दंड कुणाला, हे जे लिहिले जाते तेच पुढे गावात घडते. कागद लिहिताना आमचा माणूस टेबलाच्या एकाही बाजूला नव्हता. अटी लिहिणाऱ्यांत नव्हता आणि प्रस्ताव देणाऱ्यांतही नव्हता. तो होता फक्त कळफलकावर.

शिष्यवृत्तीचेही तेच. २०१७ मध्ये महाडीबीटी पोर्टल आले आणि पहिल्याच वर्षी असे कोलमडले की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. त्या वर्षी फी भरता न आलेल्या मुलांत आमचीच मुले मोठ्या संख्येने होती. शासकीय तंत्रज्ञानाचा ठेका ही काही फक्त व्यापाऱ्यांची बाब नाही. त्या ठेक्याच्या टोकाला गरिबाचा दाखला असतो आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती असते.

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. तेव्हा ते मजूर खात्याचे मंत्री होते. आम्हाला त्या निवेदनातली नोकऱ्यांची आणि शिक्षणाची मागणी आठवते. पण सरकारी बांधकामांच्या ठेक्यांत अस्पृश्यांना वाटा नाही, ही तक्रारही त्यात होती. नोकरीतल्या राखीव जागांसाठी आम्ही लढलो. ठेक्याचा मुद्दा मात्र आम्ही विसरलो. आज कायम नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि शासनाचे काम ठेक्यावर चालले आहे. अशा वेळी तो विसर आम्हाला फार महाग पडतो आहे.

आता अनुभवाची गोष्ट. मागे आमच्या कार्यालयात चार मुले आली. दोघे संगणक अभियंते, एक पदविकाधारक, एक वाणिज्य शाखेचा. एका स्थानिक संस्थेत संगणक देखभाल आणि नोंदी भरण्याच्या कामासाठी त्यांनी निविदा भरली होती. दर सर्वांत कमी होता असा त्यांचा दावा होता, पण त्यांचा आर्थिक लिफाफा उघडलाच नाही. "साहेब, जात पाहून डावलले. केस टाका," असे त्यांचे म्हणणे. आम्ही कागद मागवले. उलाढालीच्या दाखल्यावर सी.ए.ची सही होती, पण यूडीआयएन क्रमांक नव्हता. प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात नव्हते. अनुभवाचा म्हणून जोडलेला कागद कार्यारंभ आदेश होता, काम पूर्ण केल्याचा दाखला नव्हता. आणि कामाच्या पद्धतीवर लिहिलेल्या प्रकरणात दुसऱ्याच जिल्ह्याचे नाव तसेच राहिले होते, कारण ते कुणाकडून तरी उतरवून घेतले होते!

जात पाहिली गेली नसेल असे आम्ही म्हणत नाही. ती पाहिली जाते, हे आम्ही या जिल्ह्यात रोज बघतो. पण या वेळी जात पाहण्याची गरजच पडली नाही. आम्हीच त्यांच्या हाती कारण दिले होते. प्रस्थापित ठेकेदाराच्या घरात तीन पिढ्यांचे कागद नीट लावलेले असतात. आमचा मुलगा पहिल्या पिढीचा. त्याला हे शिकवणार कोण? म्हणून चार गोष्टी इथे स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, निविदा शेवटच्या पानापर्यंत वाचा. तिच्यात जेवढ्या अटी आहेत त्यांचा तक्ता करा. एका रकान्यात अट, दुसऱ्यात तुमचा पुरावा, तिसऱ्यात तो कितव्या पानावर आहे तो क्रमांक. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला शोधावे लागले नाही तर त्याला "कागद आढळला नाही" असा शेरा मारता येत नाही. शुद्धिपत्रक निघाले का, हे शेवटच्या दिवसापर्यंत पाहत राहा. डिजिटल सहीची मुदत संपलेली नाही ना, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट, कामाची पद्धत स्वतः लिहा. मुंबईची कंपनी लिहील की आमच्याकडे अत्याधुनिक प्रणाली आहे. तुम्ही लिहा की जिंतूरच्या डोंगराळ गावांत वीज गेली आणि नेटवर्क तुटले तरी नोंद थांबू नये म्हणून ती आधी संगणकातच साठवू, जोडणी आली की पुढे पाठवू. बिघाड कळवल्यावर आमचा माणूस किती तासांत गावात पोचेल ते लिहा आणि त्या माणसाचे नाव, शिक्षण जोडा. जिथे गुणवत्ता आणि दर या दोहोंचे गुण एकत्र करून निवड होते, तिथे या लिखाणालाच गुण असतात. जिथे फक्त सर्वांत कमी दर पाहतात, तिथे ते पात्रतेपुरते लागते. आपली निविदा कोणत्या पद्धतीची आहे हे आधी ओळखा.

तिसरी गोष्ट, दर भरताना स्वतःच्या माणसांचा गळा कापू नका. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, १८ टक्के जीएसटी, प्रवास, आणि बिल तीन-चार महिने अडकले तर लागणारा पैसा, हे सारे मांडून मगच आकडा लिहा. ठेका मिळावा म्हणून दर पाडायचा आणि मग परिचालकाचे मानधन थकवायचे, हेच आम्हीही करणार असू तर ठेकेदाराची जात बदलून काय साधले?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निविदा हरली जाते ती लिफाफा उघडण्याच्या दिवशी नव्हे. ती अटी लिहिल्या जातात त्या दिवशीच हरली जाते. समजा काम २० लाखांचे आहे आणि अट आहे पाच कोटींच्या उलाढालीची. ही अट कुणासाठी घातली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये बांधकामांच्या निविदांसाठी एक माप दिले. सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या ३० टक्के असावी. अनुभव म्हणून ४० टक्के किमतीची तीन कामे, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक काम पुरे. या मापाने २० लाखांच्या कामाला सहा लाखांची उलाढाल पुरते. हे माप जिल्हा परिषदेवर थेट बंधनकारक नसेल, पण निविदापूर्व बैठकीत ते लेखी मांडता येते. तिथे विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावे लागते. आमची मुले त्या बैठकीला जातच नाहीत!

"नंतर कोर्टात बघू" असे म्हणणाऱ्यांना एक निकाल सांगतो. मुंबई विमानतळावरचे उपाहारगृह चालवण्याच्या ठेक्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७९ चा हा रमणा दयाराम शेट्टी खटला. ठेका अटीतला अनुभव नसलेल्याला दिला होता. शासन ठेका देतानाही मनमानी करू शकत नाही, स्वतः घातलेल्या अटी त्याने पाळल्याच पाहिजेत, असे न्यायालयाने कलम १४ च्या आधारे ठणकावले. पण ठेका रद्द झाला का? नाही. अर्जदार उशिरा आला होता आणि तोवर ठेकेदाराचा बराच खर्च होऊन गेला होता. तत्त्व जिंकले, अर्जदार हरला. पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की आम्ही निर्णय कसा घेतला ते तपासू, निर्णय स्वतः घेणार नाही. म्हणजे लढायचे ते वेळेत, आणि आधी कागदावर. ठेका दिल्यावर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांच्या अर्जावर तुलनात्मक तक्ता आणि गुणपत्रक मागा. व्यावसायिक गुपिताचे कारण करार झाल्यावर सहसा टिकत नाही.

कायद्याने आमच्या हाती काहीच दिले नाही असेही नाही. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी केंद्राचे २०१२ चे खरेदी धोरण आहे. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के या उद्योगांकडून करायची, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. बयाणा रक्कम माफ, निविदा फी माफ. पण दोन खाचा ध्यानात ठेवा. ही सवलत उत्पादन करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. संगणक विकत आणून पुरवणारा तिच्यात बसत नाही. देखभाल करणारा, सॉफ्टवेअर लिहिणारा बसतो. आणि जेम पोर्टलच्या निविदेत अनुभव व उलाढालीतून सूट आहे का, यापुढे 'होय' किंवा 'नाही' लिहिलेले असते. ते खरेदी करणारे कार्यालय ठरवते. 'नाही' दिसले तर का नाही, हे विचारलेच पाहिजे. जिल्हा परिषद, महापालिका यांच्या निविदेत सवलत आहे की नाही हे त्या त्या निविदेतच पाहावे लागते.

चार टक्क्यांचे काय झाले? केंद्राच्या 'संबंध' पोर्टलवरचे आकडे वर्षानुवर्षे त्याच्या बरेच खाली राहिले आहेत. पात्र उद्योजक मिळत नाहीत, असे कारण सांगितले जाते. नोकरीतल्या अनुशेषाच्या वेळी हेच वाक्य आम्ही ऐकले होते!

इतरांनी काय केले ते पाहा. मध्य प्रदेशात २००२ च्या भोपाळ परिषदेनंतर शासकीय खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याचे धोरण आले. कर्नाटकाने कायदा करून ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत २४.१० टक्के वाटा राखला आणि २०२३ मध्ये ती मर्यादा एक कोटीवर नेली. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १९७४ मध्ये महापौर झालेल्या मेनार्ड जॅक्सन या कृष्णवर्णीय नेत्याने विमानतळाच्या विस्तारात अल्पसंख्याकांना सुमारे पाव हिस्सा मिळालाच पाहिजे म्हणून काम अडवून धरले. शाहू, फुले, आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने तंत्रज्ञानाच्या ठेक्यांत असा कायदेशीर वाटा का देऊ नये? तालुक्याच्या पातळीवरचे देखभालीचे आणि नोंदी भरण्याचे काम राज्याच्या एकाच मोठ्या निविदेत कोंबण्याऐवजी लहान तुकड्यांत काढले, तर परभणीची चार मुलेही ते करू शकतात. ही आमची मागणी आहे.

एक इशारा आमच्याच माणसांना. जातीचा दाखला तुझा, पैसा आमचा, सही कर आणि टक्केवारी घे, असे सांगणारे ठेकेदार गावोगाव फिरत आहेत. कंपनीत ५१ टक्के भागभांडवल अनुसूचित जाती-जमातीच्या प्रवर्तकांचे असेल तरच ती त्या वर्गात मोजली जाते. तो ५१ टक्के हिस्सा कागदापुरता देऊन बसणारा तरुण दुसऱ्याच्या कर्जाला आणि दुसऱ्याच्या फसवणुकीला स्वतःची मान देतो. अशी सही करू नका.

१० डिसेंबर २०२४ रोजी याच परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा आमची वस्ती रस्त्यावर आली. त्याची फार मोठी किंमत या शहराने मोजली. ज्या संविधानासाठी आम्ही ती मोजली, त्याचे कलम १४ निविदेच्या कंटाळवाण्या पानांवरही लागू आहे. तिथे ते आपोआप उतरत नाही, कुणीतरी वेळेत बोट ठेवून ते दाखवावे लागते. आमच्याकडे आलेली ती चार मुले आता निविदापूर्व बैठकांना जातात. अजून ठेका मिळालेला नाही. पण एका निविदेतली उलाढालीची अट त्यांच्या लेखी प्रश्नानंतर शुद्धिपत्रकाने खाली आली. समाजातल्या वकिलांनी, सी.ए.नी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार बुद्धविहारात अशा मुलांचे कागद तपासायला द्यावा. आम्ही आमचा रविवार दिला आहे.