चाकावरचा संसार : ब्रेक दाबताच इंजिन का अडखळते?

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटे-पलंग नेणारी, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत माल पोहोचवणारी, पहाटे कल्याणच्या बाजार समितीतून भाजी भरून बदलापूरला कात्रपकडे येणारी जुनी पिकअप गाडी आज आपल्या कितीतरी बांधवांच्या घरची चूल पेटवते. कुणी कारखाना बंद पडल्यावर मिळालेल्या पैशातून ती घेतली, कुणी पतपेढीचे कर्ज काढून, तर कुणी घरातले डोरले मोडून. गाडी जुनी, हप्ता मात्र नवा! अशा गाडीच्या एका तक्रारीबद्दल आज आम्ही लिहीत आहोत. ही तक्रार इंजिनाची म्हणून गॅरेजात जाते आणि पुष्कळदा निघते ब्रेकची.

तक्रार अशी की, गाडी धावते ठीक. पण चौकात ब्रेकवर पाय ठेवून उभी केली की इंजिन थरथरते, मिसिंग मारते, कधी बंदच पडते. पाय काढला की पुन्हा ठीक. मिस्त्री सांगतो, ट्यूनिंग करा, प्लग बदला, स्लो वाढवा. स्लो वाढवले की थरथर झाकली जाते, दोष मात्र तसाच राहतो. आमच्या ओळखीतल्या एका बांधवांनी असे दोन ठिकाणी ट्यूनिंगचे पैसे मोजले. तिसऱ्या ठिकाणच्या वयस्कर मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधी एवढेच विचारले, "गाडी उभी असताना होतं, की चालत्या गाडीला ब्रेक मारल्यावरच होतं?" या एका प्रश्नाने अर्धे निदान होते. उभ्या गाडीतही ब्रेक दाबताच इंजिन अडखळत असेल, तर संशय ब्रेकच्या बूस्टरवर घ्यावा. फक्त चालत्या गाडीत होत असेल, तर कारण बहुधा दुसरीकडे असते.

बूस्टर म्हणजे काय? ब्रेकच्या पायडलाच्या पुढे, केबिनच्या पत्र्याला लागून, परातीएवढा गोल काळा डबा असतो तो. त्याच्या आत रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. पायडल मोकळे असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पाय पडला की पायडलाच्या बाजूला बाहेरची हवा येते, पुढच्या बाजूला पोकळी राहते, आणि हवेचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. हवेला हलकी समजू नये. दर चौरस सेंटीमीटरला तिचा दाब सुमारे १ किलो असतो. पडदा २० सेंटीमीटर व्यासाचा धरला आणि त्यातला ०.६ किलोच दाब कामी आला, तरी १९० किलोच्या आसपास रेटा मिळतो. बेल्जियमचे इंजिनिअर अल्बेर देवांद्र यांनी १९२७ च्या सुमारास ही युक्ती मोटारीत आणली. भरलेली गाडी थांबवायला पहिलवानाचा पाय लागत नाही, तो या पडद्यामुळे.

आता ही पोकळी येते कुठून, ते महत्त्वाचे. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत ती इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिन जिथून श्वास घेते तिथून, एका जाड रबरी पाइपाने येते. पडदा फाटला की ब्रेक दाबताच बाहेरची हवा त्या पाइपातून थेट इंजिनात शिरते. इंधन तेवढेच, हवा जास्त. मिश्रण पातळ होते आणि स्लोवर चाललेले इंजिन अडखळते. पाइपाला चीर पडली असेल किंवा क्लिप सैल असेल, तर ब्रेक न दाबताही स्लो खराब राहते.

डिझेल गाडीचे तसे नाही. तिच्या मॅनिफोल्डमध्ये पुरेशी पोकळी नसते, म्हणून पोकळीसाठी वेगळा पंप असतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. तिथे पडदा फाटला तर ब्रेक दगडासारखा जड होतो, इंजिनाचे स्लो सहसा बिघडत नाही. टाटा एस २००५ साली आली ती ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन घेऊन. पुढे ती पेट्रोल आणि सीएनजीवरही निघाली. मारुतीची सुपर कॅरीही २०१६ साली आधी डिझेलवर आली, नंतर पेट्रोल-सीएनजीवर. तेव्हा गॅरेजात 'छोटा हत्ती' एवढेच सांगून भागत नाही. हत्ती कोणत्या इंधनाचा, ते सांगावे. दोन सिलिंडरचे इंजिन मुळातच थोडे थरथरते, हेही ध्यानात ठेवावे.

बूस्टरची परीक्षा घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून उभी करावी. एकाने सीटवर बसावे, दुसऱ्याने बॉनेटपाशी कान द्यावा. हे काम घरातली बहीण किंवा मोठा मुलगाही करू शकतो. मात्र पदर, ओढणी, मफलर पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवावा.

आधी इंजिन बंद ठेवून पायडल ४-५ वेळा दाबावे. ते कडक होईल. आता पाय दाबूनच ठेवून इंजिन चालू करावे. पायडल किंचित खाली बसले, तर बूस्टरला पोकळी मिळते आहे. जागचे हललेच नाही, तर पाइप, त्यातला एकेरी वॉल्व्ह किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी निकामी आहे. नंतर चालू इंजिनावर पायडल दाबून धरावे आणि पाय न काढता इंजिन बंद करावे. अर्धा मिनिट पायडल जागेवर राहिले पाहिजे. पायाला वर ढकलू लागले, तर पोकळी गळते आहे.

पेट्रोल-सीएनजी गाडीसाठी आणखी एक परीक्षा आहे, आणि आमच्या मते हीच सर्वांत खात्रीची. बूस्टरकडे जाणारा पाइप मॅनिफोल्डपाशी सोडवून ते तोंड घट्ट बंद करावे आणि इंजिन चालू करून ब्रेक दाबावा. आता स्लो स्थिर राहिले, तर दोष बूस्टरचाच. अशा अवस्थेत गाडी वीतभरही चालवू नये, कारण ब्रेकला मदत उरलेली नसते. परीक्षा झाली की पाइप पुन्हा जोडून क्लिप आवळावी. सीएनजीवाल्यांनी आधी गाडी पेट्रोलवर करूनही पाहावी. दोन्ही इंधनांवर सारखेच अडखळत असेल, तर किटवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एक खुलासा. पायडल दाबल्या क्षणी इंजिन किंचित दबून लगेच सावरले, किंवा पायापाशी क्षणभर फुस्स आवाज आला, तर तो बिघाड नव्हे. पाय ठेवला आहे तोवर थरथर आणि फुसफुस चालूच राहिली, तर तो बिघाड.

फक्त चालत्या गाडीत अडखळत असेल तर काय पाहावे? टाकीत इंधन कमी असेल तर ब्रेक लागताच ते पुढे सरकते आणि ओढनळी हवा घेते. टाकी भरून पाहावी. फरक पडला की समजावे. इंजिनाचे फाउंडेशन रबर तुटले असेल तर ब्रेकबरोबर इंजिन पुढे झुकते, केबल ओढली जाते, वायर घासते. बॅटरीची अर्थिंग सैल असेल, तर मागचे ब्रेकलाइट लागताच स्लो पडते. ती ओळखण्याची खूण अशी की, उभ्या गाडीत हेडलाइट लावले तरी तसेच होते.

हा सारा खटाटोप कशासाठी, तर धोका थरथरण्याचा नाही, त्यापुढचा आहे. इंजिन बंद पडले की बूस्टरमध्ये एक-दोन वेळा ब्रेक लागेल एवढीच पोकळी उरते, तीही पडदा धड असेल तर. माळशेज घाटात भाजीने भरलेली गाडी उतरताना इंजिन बंद पडले आणि चालकाने घाबरून पाय वर-खाली मारला, तर ती शिल्लक तिथेच संपते. मग ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. अशा वेळी ब्रेक एकदाच दाबून धरावा, गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी, हँडब्रेक हळूहळू ओढावा. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे चालक आम्ही पाहिले आहेत. वाचलेल्या दोन रुपयांसाठी हा कसला सौदा! आणि जयंतीच्या मिरवणुकीत तर हीच गाडी तासन् तास ब्रेकवर पाय ठेवून सरकते. पुढे-मागे लहान मुले नाचत असतात. त्या दिवशी गाडी देणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी वरच्या परीक्षा जरूर कराव्यात.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनाही या परीक्षा उपयोगी पडतील. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या रंग मारून बाजारात येतात. बूस्टरच्या पत्र्याला आणि जोडाला गंज दिसला, तर भाव करण्याआधी विचार करावा. वर्षाच्या पासिंगचा कागद पाहावाच. पण तो एका दिवसाचा दाखला, ब्रेक रोजचा.

आता बूस्टर का फाटतो, ते सांगतो, कारण इथेच पैसे दुसऱ्यांदा जातात. रबर वयाने कडक होते हे खरे. पण पुष्कळदा बूस्टरला चिकटून असलेल्या मास्टर सिलिंडरचे मागचे वॉशर गळते आणि ब्रेक ऑइल हळूहळू बूस्टरमध्ये उतरते. हे तेल पडद्याचे रबर फुगवून खराब करते. खाली थेंब दिसत नाही, चाके ओली नसतात, तरी बाटलीतले तेल कमी होत राहते. पेट्रोल गाडीत ते इंजिनात ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतो. म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी बाटलीची खूण पाहावी. हिशेब लिहिणाऱ्या माणसाने वहीत ती नोंदवली तर अधिक बरे. तेल उतरत असेल आणि आपण फक्त बूस्टर बदलला, तर नवाही त्याच वाटेने जाईल.

भंगारातला बूस्टर स्वस्त मिळतो, पण त्याच्या पडद्याचे वय कुणी सांगू शकत नाही. बसवायचाच असेल तर वरच्या दोन्ही परीक्षा गॅरेजातच करून घ्याव्यात. काढलेला जुना बूस्टर मागून घेऊन हलवून पाहावा. आत तेल खळखळले, तर मास्टर सिलिंडरचेही काम झाले आहे की नाही, ते पाहूनच बिलाचे पैसे द्यावेत.