पोटखराबा

मी हल्ली कुठे राहते हे सांगताना दर वेळी भूगोलाचा तास घ्यावा लागतो. रत्नागिरीहून पावस, पावसहून पूर्णगड, मुचकुंदीवरचा पूल ओलांडला की गावखडी, मग कशेळी, आडिवरं, वेत्ये आणि शेवटी आंबोळगड, मुसाकाजी. गणपतीपुळ्याला जाणारे रत्नागिरीच्या उत्तरेला वळतात, मालवणला जाणारे महामार्गाने सरळ खाली निघून जातात. मधला हा तुकडा कोणाच्याच वाटेवर नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला, "पण तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?"

पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून वडिलांच्या घरी राहायला आले तेव्हा मीही यादी म्हणून दाखवायचे. कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, पूर्णगड, यशवंतगड. आता मी उलट विचारते, "कुठल्या महिन्यात येताय?" डिसेंबर ते मार्च आलात तर वेत्ये नाहीतर गावखडीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतील. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस. जुलैत आलात तर समुद्र विसरा, सड्यावर चला. मे महिन्यात आलात तर आंबे खा आणि उकाड्याला नावं ठेवा!

असो. आज लिहायचं कारण वेगळं आहे. या किनाऱ्याबद्दल जिथे जिथे वाचते तिथे 'दुर्लक्षित' हा शब्द हमखास असतो, आणि तो मला खटकायला लागलाय. जणू ही जागा कायमच आडबाजूला होती आणि आता कोणीतरी येऊन तिचा शोध लावणार आहे.

मंडळी, हा किनारा एके काळी हमरस्ता होता. राजापूरला इंग्रजांची वखार १६४९ साली निघाली आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे आपण शाळेत शिकलो. मोठी जहाजं जैतापूरला थांबायची आणि माल लहान होड्यांतून खाडीने वर राजापूरला जायचा. त्याही आधी, ११९१ साली, शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने दिलेला ताम्रपट कशेळीचाच. कनकादित्याची मूर्ती सौराष्ट्रातून गलबतावर आली, गलबत इथे अडलं आणि मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली गेली, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं देव जाणे, पण गलबतांची वर्दळ नसलेल्या गावाला असली गोष्ट सुचत नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणीसुद्धा मुंबईची बोट मुसाकाजीला लागायची. बोट बाहेर उभी राहायची आणि पडावात बसून किनाऱ्याला यायचं. पावसाळ्यात सगळं बंद.

पुढे बोट बंद पडली. महामार्ग आधीच खाड्या टाळत आतून गेला होता, १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. मुंबईकडे तोंड करून बसलेली गावं एका पिढीत मुंबईकडे पाठ करून बसल्यासारखी झाली. म्हणजे हे दुर्लक्ष निसर्गदत्त नाही, ते वाहतुकीने घडवलंय. आता सागरी महामार्गावरच्या राहिलेल्या खाडीपुलांची कामं हाती घेतली आहेत. ती झाली की लक्षही परत येईल. ते कसलं असेल, एवढाच प्रश्न आहे.

आता सड्याबद्दल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, समुद्राच्या कड्यावर चढून आलं की जांभ्याचं जे सपाट, काळपट पठार लागतं तो सडा. एप्रिलमध्ये बघाल तर एक झाड नाही, पायाला चटके. आमच्या घराण्याचा सामायिक सडा आहे, आणि सातबाऱ्यावर त्याचं बरंचसं क्षेत्र 'पोटखराबा' म्हणून लागलंय. लागवडीला अयोग्य. शब्दच असा की वाचूनच जमीन नकोशी व्हावी.

हाच पोटखराबा जून-जुलैत बघा. मातीच्या चार बोटं थरात दिपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही वनस्पती कोकणाबाहेर जवळपास कुठेच सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद. खोलगट भागात भात लावतात, बाकी ठिकाणी गुरं चरतात. उन्हाळ्यात उघड्या कातळावर टिटव्या अंडी घालतात आणि जवळ गेलं की कान किटतील इतका ओरडा करतात. पडणाऱ्या पावसाचा काही भाग कातळातल्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली उतरतो. आमच्या वाडीची विहीर सड्याच्या पायथ्याशी आहे, आणि ती मे महिन्यातही तळ दाखवत नाही. वरचा सडा 'अयोग्य' आहे म्हणूनच खाली आमची तहान भागते.

आणि कातळशिल्पं! कशेळीच्या सड्यावर जवळजवळ १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. देवाच्या गोठण्याला कोरलेल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं तर काटा भलतीच दिशा दाखवतो, कारण तिथल्या खडकातच चुंबकत्व आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली जी नऊ ठिकाणं गेली, त्यातली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचं गोठणं ही पाच एकट्या राजापूर तालुक्यातली. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी हा सडा रिकामा वाटला नव्हता. आपण मात्र त्याच्यावर पोटखराबा असा शिक्का मारून मोकळे.

मला भीती वाटते ती इथेच. 'दुर्लक्षित' आणि 'मोकळी' यांत फार अंतर नसतं. माडबनला ९९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प ठरला, नाणारला रिफायनरी ठरली आणि २०१९ साली रद्द झाली, २०२३ साली बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. या प्रकल्पांबद्दल आपल्या घरातच चार मतं आहेत, ती आज उकरून काढत नाही. पण प्रत्येक वेळी "तिथे आहे काय? नुसता कातळ," हे वाक्य मी ऐकलंय, आणि ते बोलणारे बहुतेक जण सड्यावर जुलैत एकदाही गेलेले नव्हते. जे माहीत नाही ते रिकामं, आणि जे रिकामं ते कुणीही घ्यावं, असा हा हिशोब.

हा हिशोब आता आपल्याही दारात आलाय. सड्याला गिऱ्हाईक आलं आहे, हे नातेवाइकांना एव्हाना कळलंच असेल. चुलत भावाचा फोन आला, "ताई, सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझीच राहिली. त्या कातळाचं करणार काय आहेस?" मुलगी असले तरी माझं नाव सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे माझ्या सहीशिवाय अख्खा सडा जाऊ शकत नाही.

दादा रागावेल, पण त्याची बाजू मला कळते. त्याला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत. इथे राहणं म्हणजे काय तेही मला ठाऊक आहे. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर रत्नागिरी गाठावी लागते. वीज पहिल्या पावसात जाते ती कधी येईल सांगता येत नाही. वाडीतल्या निम्म्या घरांना गणपतीपुरतीच जाग येते. ज्याला इथे पोटापाण्याचं साधन नाही त्याला 'निसर्ग जपा' म्हणून सांगायचा मला अधिकार नाही. शांतता ही माझ्यासारख्या पेन्शनवालीची चैन आहे, असं वहिनी म्हणाली. त्यात तथ्य आहे.

तरीही माझं मत असं आहे की, विकायला हरकत नाही, न बघता विकायला आहे. एकदा चिरेखाण लागली की सडा परत मिळत नाही. यंत्राने कापलेल्या कातळाच्या जागी खड्डा राहतो, आणि त्यावरची आकृती गेली की गेलीच. वेळासला कासवांच्या निमित्ताने लोक येतात, गावातल्याच घरांत उतरतात, गावातलंच जेवतात. त्याने कुणी श्रीमंत झालं असं नाही, पण पैसे गावात राहतात आणि वाळूही जागेवर राहते. आपल्याकडे वेत्ये आणि कशेळी इतकी जवळ असताना त्याचा विचार करायला काय हरकत आहे?

म्हणून इथेच लिहून ठेवते, म्हणजे फोनवर वेगवेगळं सांगितलं असं कुणी म्हणायला नको. रस्त्याकडेचा तुकडा विकायचा असेल तर माझी सही उद्या घ्या, आणि माझा हिस्सा दादाच्या मुलीला द्या. वरच्या सड्यासाठी मात्र माझी एक अट आहे. ज्यांनी ज्यांनी सही केली आहे त्यांनी येत्या जुलैत दोन दिवस इथे यावं, छत्री-बूट घालून माझ्याबरोबर सडा या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत चालावा, विहिरीत डोकावावं, कातळावर काही कोरलेलं दिसतंय का ते बघावं. त्यानंतरही सगळ्यांना तो पोटखराबाच वाटला तर पुन्हा बसून बोलू.

जेवणाची सोय माझ्याकडे. कोण कोण येणार ते मात्र आधी कळवा, तांदूळ भरून ठेवायला हवेत.