चढणारीचं कोण विचारतो?

रविवारी हिरकणीवाडीत रोपवेच्या रांगेत उभा होतो. मागचे गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, “आम्ही गडाच्या पार्किंगमध्ये आहोत.” घरं, अंगणं, कोंबड्या, दारात वाळत घातलेली लुगडी, सगळं समोर दिसत होतं. पण साहेबांच्या लेखी वाडी म्हणजे गाडी लावायची जागा! माझं डोकं तिथेच तापलं.

माहिती द्यायची तर थोडक्यात देतो. महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर, काळ आणि गांधारी नद्यांच्या मधल्या मुलखात रायगड उभा आहे. १६७४ साली वर राज्याभिषेक झाला, १९९६ पासून वाडीतून पाळणा जातो आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा मराठा किल्ले गेले त्यात रायगडही आहे. नियमित वाचकांना माझे गुडघे ठाऊक आहेत, त्यामुळे पायऱ्या सोडून मी पाळण्याच्या रांगेत का, हे विचारू नये.

रांगेत पुढे एक बाबा मुलीला हिरकणीची गोष्ट सांगत होते. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, मग अंधारात कडा उतरून जाणं आणि महाराजांनी तिथे बांधलेला बुरूज. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाळाचे बाबा कुठे होते?” बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “लढाईवर असतील.” आमच्या सौ. लगेच माझ्या कानाशी, “मूल रडायला लागलं की पुरुषांना अजून लढाईच आठवते.” मी रोपवेच्या तारांचं निरीक्षण करू लागलो.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. दंतकथा असो वा इतिहास, हिरकणी एका रात्री उतरली म्हणून आपण तिच्या नावाने बुरूज दाखवतो, सिनेमा काढतो, एसटीच्या गाड्यांना तिचं नाव देतो. ती रोज सकाळी दुधाचं ओझं घेऊन हा डोंगर चढत होती, त्याचं काय? त्याबद्दल तिला दुधाचे पैसे मिळाले असतील, तेही घासाघीस करून.

घासाघीस म्हणतोय ते उगाच नाही. वर एक मावशी ताक विकत होत्या. ओलं फडकं गुंडाळलेलं स्टीलचं भांडं, वर कोथिंबिरीची बारीक कातरण, मीठ हाताच्या अंदाजाने. पहाटे पायऱ्यांनी वर आल्या होत्या. गॉगल लावलेल्या एका तरुणाने चार ग्लास घेतले आणि म्हणाला, “मावशी, चार घेतले, काहीतरी कमी करा.” मावशींनी पदराने कपाळ पुसलं. “पाळण्यात चौघं बसलात ना? तिथं काय कमी केलं?” तरुणाने निमूट पैसे मोजले. मी मागून आणखी एक ग्लास घेतला, सुट्टे पैसे हातात तयार ठेवून.

दुपार कलल्यावर भांडं रिकामं झालं आणि मावशी उतरायला लागल्या. मी पाहत राहिलो. त्या सरळ उतरतच नव्हत्या. अंग थोडं वळवून, प्रत्येक पायरीवर पाऊल तिरकं टाकत, एका लयीत चालल्या होत्या. शेजारून बूट-काठीवाली मंडळी धापा टाकत, थांबत उतरत होती. हाक मारून विचारलं तेव्हा त्या न थांबता म्हणाल्या, “सरळ उतरलं की गुडघे बोलतात, दादा.” एवढी वर्षं डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या, मला हे कुणी सांगितलं नव्हतं!

युनेस्कोवर सविस्तर लिहायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. सध्या मी घरच्या जिन्यावर तिरकं उतरण्याचा सराव करतोय. खालच्या मजल्यावरच्या आजींनी कालच सौं.ना काळजीने विचारलं, “ह्यांना काही लागलंय का गं?”